मूल हलवण्याआधी घराला काय दिलं?

नाशिक जिल्ह्याच्या पेठ-दिंडोरी पट्ट्यातल्या एका संस्थेत काम करणाऱ्या तरुण समाजकार्यकर्तीने विचारलंय: "आम्ही एकेक प्रकरण हाताळतो, मूल बाल कल्याण समितीपुढे नेतो, ते बालगृहात जातं. पुढच्या हंगामात त्याच वस्तीवरून दुसरं मूल येतं. निवेदनं देतो, बालदिनाला रॅली काढतो, तरी काही हलत नाही. मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी सेवा सुधाराव्यात म्हणून आम्ही नेमकं काय करायचं? आणि संस्था सरकारी अनुदानावर असताना बोलायचं तरी किती?"

निवेदनांपासून सुरुवात करते. "बाल संरक्षण यंत्रणा सक्षम करा" या मागणीला कुठलाही अधिकारी नाही म्हणत नाही. निवेदन स्वीकारताना फोटो निघतो, कागद 'उचित कार्यवाहीस्तव' खालच्या टेबलावर जातो. तिथून महिला व बाल विकास कार्यालयात, तिथून जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि मग "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर तुमच्याच पत्त्यावर. यात अधिकाऱ्याचा दोष थोडा आणि मागणीचा जास्त. कुणी करायचं, कुठल्या तालुक्यात, कधीपर्यंत, कुठल्या निधीतून, यातलं काहीच तिच्यात नसतं.

नेमकी मागणी कुठून येते? तुम्ही रोज जो कागद घाईघाईत भरता त्यातून. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे आपल्या बोलण्यातली गृहचौकशी. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय देणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीने, सांगितलेली ही तपासणी 15 दिवसांत व्हायला हवी आणि मूल पहिल्यांदा समोर आल्यापासून 4 महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा. त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये तत्त्वं दिली आहेत: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मग आपले अहवाल कसे असतात? "आई मजुरी करते, वडील व्यसनी, घरची परिस्थिती हलाखीची, पालक लक्ष देण्यास असमर्थ, सबब बालगृहात दाखल करण्याची शिफारस." असे अहवाल मी ढिगाने वाचले आहेत. त्यात गरिबीची नोंद आहे, मुलाला असलेल्या धोक्याची नाही. आणि समितीवरचे अध्यक्ष व चार सदस्य कितीही संवेदनशील असले तरी समोर ठेवलेल्या पर्यायांतूनच निवडतात. तुम्ही एकच पर्याय लिहिलात तर तोच मिळणार.

म्हणून माझा सल्ला एवढाच: प्रत्येक गृहचौकशीत अर्धं पान वाढवा. या घराला काय देता आलं असतं, ते कुणाकडे मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, कुठे अडलं. नमुन्यात तसा रकाना नसला तरी पुरवणी जोडता येते, कुणी अडवत नाही.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन कुटुंबांचे तपशील एकत्र केले आहेत. सुरगाणा तालुक्यातली बाई, नवरा वारलेला, दोन मुलं. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागांवर कामाला. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी राहते, जो मुकादम किंवा बागाईतदार बोलावेल तिकडे टोळीबरोबर जाते, बागेच्या कडेला झोपडी. नऊ वर्षांची मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. कुणीतरी 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करतं, मुलं समितीपुढे येतात. आता या बाईसाठी कागदावर काय काय आहे ते बघा. बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना 2250 रुपये. किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणारी मदत, महिना 4000, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांपर्यंत असेल तर. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला 1500. गावी आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप कामाला बाहेर असताना मुलांची गावातच सोय. मुलं बरोबर नेलीच तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे कामाच्या गावच्या शाळेत थेट बसता येतं. धाकट्याला अंगणवाडी.

यातलं एकही तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. का? नवरा घरी वारला, 21 दिवसांत मृत्यूची नोंद झाली नाही. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून निराधार योजना नाही, बालसंगोपनाचा अर्जही अपुरा. रेशनकार्डावर सासऱ्याचं नाव, ते वेगळं करायला तहसीलला तीन-चार चकरा, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणार. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी, आणि तलाठी भेटायचा दिवस नेमका बागेत डिपिंगचा, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचा. अशा घरातलं मूल बालगृहात जातं तेव्हा त्याचं खरं कारण एका दाखल्याची नोंद नसणं हे असतं, पण अहवालात 'पालक असमर्थ' लिहिलेलं असतं.

आता अशा पुरवण्या वर्षभर जमवा आणि एका वहीत तालुकावार मांडा. तुमच्या लक्षात येईल की वेगवेगळ्या घरांच्या अडचणी फिरून फिरून त्याच दोन-तीन खिडक्यांवर येऊन थांबतात. मग मागणी आपोआप तयार होते: "सुरगाणा आणि पेठ तहसीलमध्ये दिवाळीपूर्वी, म्हणजे टोळ्या बाहेर पडण्याआधी, मृत्यूनोंद, विभक्त रेशनकार्ड आणि उत्पन्न दाखल्याचं एकत्र शिबिर घ्यावं. बालसंगोपनाचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. अडलेल्या कुटुंबांची गावनिहाय संख्या सोबत जोडली आहे." याला त्या-त्या तालुक्याचा प्रांताधिकारी हो म्हणू शकतो. त्याच्या अधिकारात आहे, वेगळा निधी लागत नाही, आणि झाल्यावर त्यालाही दाखवायला काम असतं. याला मी वकिली म्हणते, कोर्टातली नव्हे, लोकांची बाजू मांडण्याची. मंत्रालयाच्या दारातल्या घोषणेपेक्षा हे सोपं दिसतं, पण वर्षभराची शिस्त लागते आणि बहुतेक संस्था तिथेच सुटतात.

एक सूचना, अहवालाच्या भाषेबद्दल. 'निष्काळजी' हा शब्द लिहिण्याआधी थांबा. आई किती वाजता कामाला जाते, मूल तेव्हा कुणाजवळ असतं, काय खातं, ते लिहा. वाचणाऱ्याला ठरवू द्या.

हे सगळं प्रत्येक प्रकरणाला लागू नाही, हेही स्पष्ट सांगते. घरातच लैंगिक अत्याचार असेल, जिवावर बेतणारी मारहाण असेल, तर कुटुंब टिकवण्याच्या गोष्टी तिथे करू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. सरपंच किंवा जात पंचायत "आपसात मिटवू" म्हणत असेल तर त्या बैठकीला जाऊसुद्धा नका. मूल त्या घरातून तातडीने हललंच पाहिजे.

मागणी कुठल्या टेबलावर न्यायची यात बरीच मेहनत वाया जाते. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बऱ्याच गावांत ती फलकापुरती असते, पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात आणि तो खर्च ग्रामसभेत विचारता येतो. भांडी आणि सतरंज्या घेण्यात ते पैसे जातात. स्थलांतराच्या काळात पाळणाघर चालवायला एका बाईचं मानधन त्यातून निघू शकतं. बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकाचीच नेमणूक असते. हे खुद्द कित्येक ग्रामसेवकांना लग्नाच्या आदल्या रात्री कळतं, त्यामुळे लग्नसराईआधी तालुक्याच्या बैठकीत हा विषय काढून घ्या.

जिल्ह्याला जिल्हाधिकारी. बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर, जी 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली, जिल्हा दंडाधिकाऱ्याचं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचंच, वजन या कायद्यात खूप वाढलं आहे. दत्तकाचे आदेश तिथून निघतात, बाल संरक्षणाच्या यंत्रणांचा समन्वय आणि बाल कल्याण समितीच्या कामाचा आढावा तिथे होतो, समितीच्या कामाबद्दलची तक्रारही तिथेच करता येते. जिल्हा वार्षिक योजनेतले 3 टक्के महिला व बाल विकासासाठी राखीव आहेत. हा पैसा कशावर जाणार ते ठरवण्याची वेळ मार्च नव्हे. आराखडे त्याच्या बरेच आधी तयार होतात, म्हणून तुमचा प्रस्ताव दसरा-दिवाळीच्या सुमारास महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या हातात असला पाहिजे, तोही अंदाजपत्रकासह. आयता प्रस्ताव मिळाला की कार्यालयाला बरं वाटतं, कारण तो लिहायला त्यांच्याकडे माणूस नसतो.

माणूस नसतो हे खरंच मनावर घ्या. मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षासाठी सामाजिक कार्यकर्ते दोन आणि क्षेत्रीय कार्यकर्ते दोन, असा आकृतिबंध आहे. नाशिक जिल्हा 15 तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेत 61 लाखांवर लोकसंख्येचा. एका टोकाला सुरगाणा, दुसऱ्या टोकाला येवला आणि नांदगाव, मध्ये मालेगावची यंत्रमागांची दाट वस्ती. चार माणसं गृहभेटी करणार तरी कशा? आणि ही बहुतेक माणसं कंत्राटी. त्यांच्यावर फोनवर आवाज चढवून आपण आपलाच रस्ता बंद करतो. संस्थांच्या मागण्यांत "कक्षाची पदं तालुकासंख्येच्या प्रमाणात वाढवा, मानधन वेळेवर द्या" ही मागणी मला क्वचित दिसते. खरं तर ती पहिल्या तिनांत हवी. ती मात्र जिल्ह्यात सुटणार नाही. पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय आणि पुढे विधिमंडळ. जिल्ह्यात 15 आमदार आहेत, दोन-तिघांनी जरी तारांकित प्रश्न विचारला तरी उत्तरासाठी आकडे गोळा होतात, आणि तेवढ्यावर पुढच्या वर्षी बोलता येतं. प्रश्नाचा मसुदा तुम्ही लिहून द्या, कारण "बालकांच्या समस्या" असा प्रश्न गेला तर उत्तरही तसंच पोकळ येतं.

बाल कल्याण समिती किती लांब आहे हाही सेवेचाच भाग आहे. पेठ-सुरगाण्याच्या बाईला तारखेसाठी नाशिकला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी आणि संध्याकाळी परत जायला गाडी मिळेल की नाही याची धास्ती. ती दोनदा आली नाही की फायलीत 'पालक अनुत्सुक' लिहिलं जातं. कायदा दर जिल्ह्याला 'एक किंवा अधिक' समित्या म्हणतो, महिन्याला किमान 20 दिवस बैठक म्हणतो. आदिवासी तालुक्यांसाठी महिन्यातल्या ठरावीक दिवशी कळवणला सुनावणी, ही रास्त मागणी आहे. तोवर आईचं भाडं आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी. अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ ठेवा, देणगीदार सहसा नाकारत नाहीत.

कुठल्या कायद्याखाली नोंद होते त्यावर घराला काय मिळणार हे ठरतं, आणि इथे समाजकार्यकर्त्याने हटून बसायचं असतं. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुलं थोडे पैसे आणि मेंढीच्या बदल्यात शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला गेल्याचं उघड झालं. एक लहान मुलगी दगावली तेव्हा ते बाहेर आलं. श्रमजीवी संघटनेने ते लावून धरलं आणि गुन्हे दाखल झाले. अशा प्रकरणात पोलीस ठाण्याचा पहिला कल "मूल सापडलं, आईबापाच्या ताब्यात दिलं" असा असतो. तसं झालं तर मुकादमाची किंवा मालकाची उचल, म्हणजे घराला आगाऊ दिलेले पैसे, तशीच राहते, आणि पुढच्या वर्षी तेच मूल किंवा त्याचा भाऊ जातो. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली नोंद झाली आणि मुक्ती प्रमाणपत्र मिळालं, तर कायद्याने ती उचलच रद्द होते. शिवाय पुनर्वसन योजनेत मुलांसाठी 2 लाख रुपयांची तरतूद आहे. प्रमाणपत्र प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी देतात. मूल सुटलं त्या दिवशीच लेखी मागा. महिन्याभराने मागितलं तर पुरावे विखुरलेले असतात आणि मालकाचा माणूस वस्तीवर येऊन गेलेला असतो.

अपिलाचा रस्ता आपण फारच कमी वापरतो. प्रायोजकत्व किंवा प्रतिपालकत्वाबाबत (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याबाबत) बाल कल्याण समितीचा निर्णय पटला नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, इतर आदेशांवर 30 दिवसांत बाल न्यायालयात. संस्थांना वाटतं अपील केलं की समिती नाराज होईल. चांगली समिती होत नाही. कारणांसह दिलेला एक आदेश हातात आला की त्याचा दाखला पुढच्या कितीतरी अर्जांना जोडता येतो.

आता अनुदानाचा प्रश्न. भीती खोटी नाही. बालगृह चालवणारी संस्था आणि ज्याच्याकडून तपासणी होते ते कार्यालय, यांच्यात बरोबरी नसते. माझी पद्धत अशी: एकट्या संस्थेच्या लेटरहेडवर तक्रार कधीच नाही. जिल्ह्यातल्या सात-आठ संस्था, शक्य असेल तर समाजकार्य महाविद्यालयातले एखादे प्राध्यापक, मिळून एक पत्र. पत्रात आरोप नाही, विशेषणं नाहीत. इतके अर्ज, इतके प्रलंबित, हा अडथळा, हा उपाय. व्यक्तीबद्दलची तक्रार आणि सेवेबद्दलची मागणी एका कागदावर आणू नका, नाहीतर चर्चा फक्त व्यक्तीची होते. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. उत्तर नाही आलं तर तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन आहे, जिल्ह्याला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या बालगृहातल्या कमतरताही त्याच पत्रात लिहिल्या तर त्याचं वजन वाढतं. हे बोलायला सोपं आहे, विश्वस्त मंडळात मंजूर करून घेणं अवघड, मान्य आहे.

अनुदानावरच्या आपल्या लोकांची एक आवडती मागणी असते, "आणखी बालगृहं मंजूर करा." मी त्याच्या विरोधात आहे. खाटा वाढल्या की त्या भरण्यासाठी मुलं शोधली जातात, आणि ती पुन्हा त्याच पेठ-सुरगाण्याहून येतात.

पत्रकारांकडे जायचं का? जा, पण मुलाला घेऊन नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर करून भागत नाही. वीस घरांच्या पाड्याचं नाव आणि "सातवीतली मुलगी" एवढं लिहिलं तरी सगळ्या गावाला कळतं. आकडेही तालुकापातळीवरच द्या. तुमच्या कार्यक्रमाच्या फोटोंनाही हे लागू आहे, देणगीदाराच्या अहवालालाही. बोलायला आया खूप चांगल्या बोलतात, त्यांची तयारी असेल तर अधिकाऱ्यांपुढे त्यांनाच बसवा आणि तुम्ही मागे बसा. ज्या बाईने मृत्यूच्या दाखल्यासाठी चकरा मारल्या आहेत ती दोन मिनिटांत जे सांगते ते आपल्या सादरीकरणात येत नाही.

शहरातल्या सहकाऱ्यांसाठी एक वेगळी घाई आहे. 2026-27 चा सिंहस्थ. रामकुंड, पंचवटी, नाशिकरोड आणि मनमाड स्थानकं, सगळीकडे चुकलेली, पळून आलेली, भीक मागायला आणलेली मुलं असणार. सीसीटीव्ही आणि हरवले-सापडले कक्ष होतीलच, त्यासाठी भांडावं लागत नाही. भांडावं लागेल ते रात्रीच्या मुक्कामासाठी. समितीपुढे 24 तासांत न्यायचं मूल मधल्या वेळात कुठे ठेवायचं, महिला कर्मचारी कोण, दुभाषी कोण. मूल तेलुगू किंवा मैथिली बोलत असेल तर त्याचं गाव शोधणार कसं? नियोजनाच्या बैठकांत बाल संरक्षण हा वेगळा विषय म्हणून लिहून घ्या. आरोग्य आणि स्वच्छतेच्या खाली तो दबून जातो.

तुम्ही लगेच करण्यासारखं एक काम सांगते. माहिती अधिकारात, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एवढंच विचारा: पेठ, सुरगाणा, दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून गेल्या दोन वर्षांत बालसंगोपन आणि प्रायोजकत्वाचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती प्रलंबित, किती त्रुटीसाठी परत, आणि परत केलेल्यांत कुठला कागद कमी होता. मुलांची नावं मागू नका. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "माहिती संकलित नाही" असं येण्याची शक्यता आहे. आलं तरी नाराज होऊ नका, ते लेखी उत्तर आणि तुमची वही दोन्ही शेजारी ठेवून प्रांताधिकाऱ्यांची वेळ मागा.